बाहेरची कडी

दक्षिण कसबा, सोलापूर

प्रिय रत्नम्मा,

हे पत्र शेंगा चटणीच्या डब्यात, पुडीखाली घालून पाठवते आहे. कागदाला तेल लागलं असेल, तेव्हा नाक मुरडू नकोस. पोस्टानं पाठवलं असतं, पण पोस्टमन येतो दुपारी आणि दुपारी तुझ्या दाराला कुलूप असतं. फोन करावा तर तुझी सून महानंदा उचलते आणि अगदी गोड आवाजात सांगते, "अत्ती आत्ताच झोपल्यात की बाई." सकाळी झोपल्यात, संध्याकाळी झोपल्यात, संक्रांतीला गोड बोला म्हणायला फोन केला तरी झोपल्यात. अगं, आपल्या शाळेची पहिली घंटा जन्मभर तू दिलीस. साऱ्या शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा तुझ्या कमरेला असायचा, आणि मधल्या सुट्टीत सगळे मास्तर पेंगत असताना तू एकटी टक्क जागी असायचीस. तुला एवढी झोप आली कुठून? मला संशय आला. मला संशय लवकर येतो हे तुला नव्यानं सांगायला नको. फळ्याकडे तोंड करून लिहितानाही मागे चिंचा कोण खातंय ते मला कळायचं. पण या वेळचा संशय चिंचांचा नाही. तुला घरात कोंडून ठेवतात की काय, असं मला वाटतं आहे. सरळच लिहिते, कारण आडून विचारलं तर तू पदर तोंडाला लावून हसशील आणि विषय बदलशील. आणि हो, याआधीच्या डब्यातही मी एक चिठ्ठी घातली होती. तिचं काय झालं ते मला कळलं आहे. पण ते शेवटी सांगेन.

सुरुवात येळवशीपासून झाली. दर वर्षी वेळ अमावस्येला तू मैंदर्गीला भावाच्या शेतात जातेस आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिलीची बाटली येते. आम्हा कसब्यातल्या लोकांना ती भज्जी साधत नाही. मी एकदा सगळ्या शेंगा, सगळी पालेभाजी आणून हट्टानं केली होती, तर तिचं पिठलं झालं आणि तू ते खाऊन बरं झालंय म्हणालीस, इतकी तू खोटारडी. यंदा मी स्वयंपाकच केला नाही, म्हटलं रत्नम्माचा डबा येईल. दुपार उलटली तरी डबा नाही. शेवटी कालचा भात परतून खाल्ला. तुला फोन केला तर महानंदा म्हणाली, अत्तींना प्रवास झेपत नाही, म्हणून यंदा गेलोच नाही. प्रवास झेपत नाही! मैंदर्गी काय काशी आहे? दिवाळीआधी तर तू माझ्याबरोबर भुईकोट किल्ल्याच्या बागेला फेरी मारत होतीस आणि मीच मागे पडत होते. मी फोन ठेवला. मनात मात्र खडा पडला.

मग ते कॉलेजचं सुरू झालं. समाजकार्याच्या कॉलेजातले जोतिराम सर आपल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर आले होते, आठवतं ना? म्हणाले, माझी पोरं उद्या घरोघरी जाऊन वयस्कर माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणार आहेत. पुस्तकातलं सगळं पाठ आहे, पण खरी आजी समोर बसली की यांची बोबडी वळते, तर तुमच्यातलं कुणी सरावापुरती खोटी आजी, खोटे आजोबा होईल का? मी सगळ्यांत आधी हात वर केला आणि दुसऱ्या हातानं तुझाही हात धरून वर केला. स्नेहसंमेलनाची नाटकं बसवण्यात माझी हयात गेली आणि पडदा ओढण्यात तुझी. आपण मागे कशा राहू? आणि मजाही आली की नाही सांग. पहिल्या दिवशी एक मुलगा माझ्या कानाशी येऊन असा ओरडला की मी खुर्चीतून उडाले. म्हातारं माणूस म्हणजे बहिरंच, असं त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या मुलीनं लहान बाळाशी बोलावं तसं विचारलं, आजी, आज कोणता वार आहे बरं? मी म्हटलं, बैलपोळा. ती बिचारी घाबरून सरांकडे बघायला लागली आणि तू मागे बसून डोळे पुसत होतीस. सर त्यांना शिकवायचे ते मात्र मला पटायचं. म्हणायचे, घरात गेल्यावर प्रश्नांची सरबत्ती करू नका; तुम्हाला कुठं बसवलं, पाणी कुणी आणलं, आजी बोलताना कुणाच्या तोंडाकडे बघतात, ते आधी बघा.

तुझी पाळी आली त्या दिवशी तुझं सोंग असं ठरलं होतं: हट्टी आजी, रक्तदाबाची आणि पायावरच्या सुजेची गोळी घेत नाही, का तर म्हणे कडू लागते. समोरच्या मुलीनं गोडीगुलाबीनं ते काढून घ्यायचं. रखवालदाराची बाज आणून मंचावर टाकली होती. तू तिच्यावर बसलीस, आणि माझ्या लक्षात आलं की तुझ्या चपलेचा अंगठा पायात जात नव्हता, पाय एवढे सुजले होते. मला वाटलं, बघा, पायाचं सोंगसुद्धा काय हुबेहूब आणलंय! सुजेचं सोंग कसं आणता येईल, एवढी अक्कलसुद्धा मला त्या क्षणी राहिली नाही. समोर सांगोल्याकडची ऋतुजा बसली होती, ती सावळी, लांब वेणीची. तिनं विचारलं, "आज्जी, गोळी का घेत न्हाय वो?" आणि तू कडू लागते म्हणालीच नाहीस. पायांकडे बघत म्हणालीस, "गोळी घेतली की सारखं जायाला लागतंय बाळ. मोरी हाय अंगणात. आनि कडी भायेरनं असती. मग कसं जायचं?" ऋतुजानं विचारलं, मग पाणी? तू म्हणालीस, "पानी पन सांजच्यालाच. सून आल्यावर." आणि पदर तोंडाला लावून हसलीस. रत्नम्मा, पहिली टाळी माझी होती. वा, काय सहज, काय सहज, असं मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा, आणि माझ्या मागून सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. सरांनीही वाजवल्या. त्या खोलीत फक्त दोघांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक ऋतुजा. आणि दुसरा, मागच्या दाराशी उभा असलेला एक माणूस, हातात पिवळी पट्टी चिकटवलेलं हेल्मेट घेतलेला. माझा लांबचा चष्मा घरी होता, त्यामुळे मला वाटलं कुणाचा तरी रिक्षावाला असेल.

त्यानंतर तू आली नाहीस. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सिद्धरामेश्वराची गड्ड्याची यात्रा आली आणि गेली, नंदीध्वजांच्या दर्शनालाही तू दिसली नाहीस. आणि तू सिद्धरामेश्वराला न जाता राहशील हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी खरं वाटणार नाही. अशात एक दिवस ऋतुजा माझ्या दारात उभी. मी आधी तिच्यावरच संशय घेतला. म्हटलं, हिला जास्तीचे गुण हवे असतील, म्हणून ही दुसऱ्यांच्या घरात डोकावायला निघाली. चहासुद्धा जरा उशिरानंच विचारला. ती बसली आणि म्हणाली, "बाई, त्या आज्जी नाटक करत न्हवत्या वो." मी म्हटलं, अगं ती माझी मैत्रीण आहे, शाळेत तिनं इतकी नाटकं पाहिली आहेत की बोलायला लागली तर नटीला मागे टाकेल. तिनं चहा संपवला. मग सांगितलं की तिची आजी केराबाई मेंढरांमागे फिरलेली बाई; पाय मोडल्यावर तिला घरात बसवली, तेव्हा तीही पाणी प्यायची बंद झाली होती, उठायला कुणाला सांगायचं म्हणून. ऐकताना मला तुझे पाय आठवले. पण मी तिच्यासमोर कबूल केलं नाही. बघू म्हटलं आणि तिला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच तुझ्याकडे आले. तुला हे ठाऊक आहे. तू आत होतीस. फाटक नुसतं लोटलेलं होतं. अंगण झाडलेलं, मोरीचं दार कोरडं ठणठणीत, आणि घराच्या दाराला कुलूप. मी म्हटलं, घरात कुणी नाही, जावं परत. वळले, आणि मला आतून कानडी भजन ऐकू आलं. रेडिओ लागला होता. मी हाक मारली, रत्नम्मा! आणि रेडिओ बंद झाला. मी पुन्हा हाक मारली, रत्नम्मा, मी बाई आहे, पद्मजाबाई! काहीच नाही. मी तुझ्या पायरीवर बसले, बराच वेळ बसले. आतून एकदा खोकल्याचा आवाज आला, तोही तोंडात पदर कोंबून खोकल्यासारखा. अगं, कुलूपबंद घरातला रेडिओ हाक ऐकून आपला आपण बंद होतो का? तू मला चकवायला बघत होतीस! मला तुझा इतका राग आला की घरी येईपर्यंत मी तुझ्याशी मनात भांडत होते. माझ्याशी लपवतेस? मुलाची लाज झाकायला माझ्या हाकेला ओ देत नाहीस? तुझे यजमान मल्लप्पा गेले तेव्हा तू शाळेच्या पाणपोईमागे बसून रडलीस, ते माझ्याशिवाय कुणी पाहिलं होतं का? आणि मग रात्री वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं, कारण मला वाटलं, ही बाई आत तहानलेली होती आणि मी बाहेर पायरीवर बसून बाटलीतलं पाणी पीत होते.

मग मी शेजारच्या मायाक्काला गाठलं. ती आधी म्हणाली, "मला काय म्हाईत न्हाय बाई," आणि मग हळूहळू सगळंच सांगितलं, तिच्या पद्धतीनं. दिवाळीनंतर तू दुपारी देवळात जाते म्हणून निघालीस आणि घरी आलीच नाहीस. तुझा लेक गुरुलिंग कारखान्यातून पाळी सोडून आला, उन्हात सगळं गाव पालथं घातलं, तळ्याच्या काठानं हाका मारत फिरला, पाण्याकडे बघत फिरला. तू सापडलीस एसटी स्टँडवर, अक्कलकोटच्या गाडीत खिडकीशी बसलेली, आणि त्यालाच कंडक्टर समजून म्हणालीस, मास्तर, आमचं गाव आलं की सांगा. रत्नम्मा, हे तू मला सांगितलं नाहीस. मला तर तू नेहमीसारखीच वाटायचीस. एखादं नाव विसरायचीस, पण नावं तर मीही विसरते. त्या दिवसापासून दोघं घरी नसले की कुलूप, मायाक्का म्हणाली; कट्ट्यावर, कॉलेजात तू यायचीस ती लेक सुट्टीच्या दिवशी आणून सोडायचा म्हणून. दोघंही कामाला जातात, तो टॉवेलच्या कारखान्यात, ती गणवेश शिवायला. आणि पुढे मायाक्का हसून म्हणाली, "पोरानं म्हातारीला ती भोकाची खुर्ची आनून दिलीया की, खोलीतच जायाला. म्हातारी काय त्याच्यावर बसंना. वर चादर घालून रेडिओ ठेवतीया." ती हसली, मला हसू आलं नाही. कारण मला लगेच कळलं. शाळेच्या सहलीतही आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी बाई तू. ज्या खोलीत तळहातावर लिंग घेऊन पूजा करतेस, त्याच खोलीत तू त्या खुर्चीवर बसशील? प्राण गेला तरी नाही. आणि हे तू लेकाला सांगणारही नाहीस, कारण त्यानं ती हौसेनं आणली आहे.

हे कळूनही गुरुलिंगवरचा माझा संशय गेला नाही, खोटं कशाला बोलू. काय काय मनात आलं ते लिहायला लाज वाटते. घर तुझ्या नावावर आहे, तेही मनात आलं. मग मला आपलं ते स्नेहसंमेलन आठवायचं, तो सहावीत असतानाचं. मी त्याला द्वारपाल केला होता आणि बजावलं होतं, विचारल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही. राजा दिमाखात आला तर यानं भाला आडवा धरून विचारलं, कोण तुम्ही? राजाला वाक्यच आठवेना, तो रडायला लागला, आणि तू पडद्याची दोरी धरून हसून हसून खाली बसलीस. असा मुलगा वाईट होईल का? पण मोठेपणी कोण कसं निघेल, काय सांगावं. ऋतुजाचं तर ठाम मत होतं. तिला पोलिसात जायचं होतं, त्याच दिवशी, कुलपाचा फोटो काढून. मीही तिच्या बाजूनं झाले. आम्ही दोघी जोतिराम सरांकडे गेलो, तर त्यांनी आम्हा दोघींनाच खाली बसवलं. आधी म्हणाले, त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या ते मला झोपू देत नाही. मग म्हणाले, "कुलूप दिसलं की लोक लावणाऱ्याला धरतात. का लावावं लागलं, ते विचारायला तर आपण शिकतोय न्हवं? आजींना काय पायजे ते आजींना इचारलंय का कुणी? आन त्या पोराला?" ऋतुजा रागानं लाल झाली होती. ती म्हणाली, सर, आग लागली तर आज्जी कुठून बाहेर पडतील? सर म्हणाले, म्हणूनच उशीर करायचा नाही. पण जायचं ते माणसासारखं जायचं, धाड घालायला नाही. आणि त्यानंही ऐकलं नाही तर पुढचं मी स्वतः करीन. हे सगळं मला तुला सांगायलाच हवं, कारण तुझ्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि त्यात तू नव्हतीस.

आणि मग परवा लक्ष्मी मंडईत गुरुलिंग मला भेटला. म्हणजे मीच त्याला दुरून पाहून त्याच्या मागे मागे गेले, या वेळी चष्मा लावून. तो खजूरवाल्याशी हुज्जत घालत होता. म्हणत होता, "बिया काढून दे की, अव्वाच्या घशात अडकतंय." खजूरवाला कंटाळला तेव्हा यानं तिथंच उभं राहून एकेक खजूर बोटानं उकलला, बी काढली आणि परत पिशवीत टाकला. मी पाहत उभी राहिले. आईला कोंडणारा माणूस आणि खजुराच्या बिया काढणारा माणूस एकच कसा, मला काही उमगेना. इतके दिवस जपलेला माझा संशय पार लंगडा झाला. मग मी पुढे झाले. त्यानं मला पाहिलं, पटकन वाकून पाया पडला, आणि विचारलं, "बाई, गुडघ्याचं ऑपरेशन कधी हाय तुमच्या?" मी म्हटलं, बघू. तू कशी आहेस विचारलं तर तो म्हणाला, अव्वा बरी हाय, आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता पिशवी आवळायला लागला. त्याच्या हातात हेल्मेट होतं. मागच्या बाजूला पिवळी पट्टी चिकटवलेली होती.

गुरुलिंग, आता तुझ्याशी बोलते. हे पत्र पहिल्या ओळीपासून तूच वाचतो आहेस. मागच्या डब्यातल्या चिठ्ठीत मी तुझ्या आईला लिहिलं होतं की माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ते खोटं होतं, आणि मी ते तिच्याशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. ते तिच्या हाती पडलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेऊन मला फोन लावायला लावला असता. फोन आला नाही आणि ऑपरेशनचं तू विचारलंस, तेव्हा मला कळलं की डबा कोण उघडतं. म्हणून या वेळी तुझ्यासाठीच लिहिलं. तुझ्या नावानं पाठवलं असतं तर तू दोन ओळी वाचून फाडलं असतंस. आईच्या नावाचं म्हणून शेवटपर्यंत वाचशील, असं मला वाटलं. त्या दिवशी मागच्या दाराशी उभा राहून तू सगळं ऐकलंस. आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि तुला एकट्याला ठाऊक होतं की ते खरं आहे. त्या टाळ्या तुला कशा लागल्या असतील बाळा. तू तिला पुन्हा आणलं नाहीस ते लाजेपायी, हे मला आता कळतं आहे. तळ्याच्या पाण्याकडे बघत हाका मारत फिरलेल्या मुलानं कुलूप लावलं, म्हणून मी त्याला गुन्हेगार म्हणणार नाही. पण तिचे पाय बघ. ती गोळी घेत नाही, पाणी पीत नाही, आणि आग लागली तर तिला बाहेर पडता येणार नाही. ती खुर्ची पूजेच्या खोलीतून उचल आणि अंगणात मोरीच्या आडोशाला ठेव, ती बसेल. घराचं कुलूप काढ, हवं तर फाटकाला लाव आणि त्याची किल्ली मायाक्काकडे ठेव. दुपारी मी येईन, मला जमणार नाही तेव्हा ऋतुजा येईल, आणि तिला घेऊन आम्हीच सिद्धरामेश्वराला जाऊन येऊ. रोजचं जमेल असं खोटं सांगत नाही, पण मधले दिवस कसे भागवायचे ते तू आणि महानंदा जोतिराम सरांशी बोला. कॉलेजात सुट्टीच्या वारी तुमच्यासारख्या घरच्यांची बैठक असते, तिथं तुला कुणी अंगठे धरायला लावणार नाही. आणि हे पत्र लपवू नकोस. आज संध्याकाळी आईजवळ बस, तिला पाणी दे आणि हे सगळं तिला मोठ्यानं वाचून दाखव, रेडिओचंसुद्धा. मग तिला काय हवंय ते तिलाच विचार. उद्या दुपारी मी येते आहे. दाराला कुलूप असलं, तरी मी परत जाणार नाही, तू कामावरून येईपर्यंत पायरीवर बसून तुझ्या आईशी दाराआडून बोलत राहीन. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

तुझीच, आणि तुझ्या अव्वाचीही,
पद्मजाबाई